पहाटेची स्मरणफेरी: आत्महत्येने गेलेल्यांसाठी गोव्यात सामूहिक फेरी कशी काढावी

पहिल्या वर्षी आम्ही चाळीस पणत्या आणल्या होत्या. माणसं आली सव्वीस. आणखी चौघं समोरच्या चहाच्या गाड्यापाशी उभी राहून बघत होती, आणि फेरी निघाली तरी तिथंच थांबली. त्यांतली एक बाई माझ्या माहितीची. तिचा मुलगा तापाने गेला, असं वाड्यावर सगळ्यांना सांगितलं होतं. मी तिला काही म्हणालो नाही, कारण आमच्या घरीही माझ्या धाकट्या भावाच्या जाण्याचं कारण बरीच वर्षं 'हार्ट अटॅक' हेच होतं.

तेव्हापासून आम्ही आखणी करतो ती त्या चौघांच्या सोयीने. कारण न सांगता, नाव न देता, फोटोत न येता माणसाला चालता यावं. खाली जे काही लिहिलं आहे, त्यामागे एवढा एकच विचार आहे. फोंडा, डिचोली, पेडणे, काणकोण, कुठेही काढा.

फेरी म्हणजे काय, आणि काय नव्हे

बाहेरच्या देशांत ही पद्धत आता रुळली आहे. अमेरिकेत 'अमेरिकन फाउंडेशन फॉर सुइसाइड प्रिव्हेन्शन' या संस्थेने २००२ साली रात्रभर चालण्याचा पहिला कार्यक्रम केला, पुढे गावोगावच्या छोट्या फेऱ्या सुरू झाल्या. आयर्लंडमध्ये 'पिएटा' या संस्थेची फेरी २००९ मध्ये डब्लिनच्या फिनिक्स पार्कात सुमारे चारशे माणसांनिशी निघाली. पहाटे अंधारात निघायचं आणि उजाडताना पोचायचं, अंतर पाच किलोमीटर. मला ही दुसरी रीत जास्त पटली. का ते पुढे येईल.

आपल्याकडे चालण्याची परंपरा काही कमी नाही. वारी आहे, दिंडी आहे, प्रभातफेरी आहे. अडचण अशी की 'पदयात्रा' म्हटलं की पुढारी आठवतो आणि 'मोर्चा' म्हटलं की घोषणा. म्हणून आम्ही 'स्मरणफेरी' हा शब्द घेतला. कोकणी पत्रकावर 'उगडास', म्हणजे आठवण, हा शब्द घातला आणि तो मराठीपेक्षा जास्त चालला, हे कबूल करायला हरकत नाही. पत्रक मराठीत, देवनागरी कोकणीत आणि रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोकणीत, असं तिन्ही काढा. दुःखाला लिपीचा वाद परवडत नाही.

ही मॅरेथॉन नव्हे, निधी गोळा करण्याचा कार्यक्रमही नव्हे. टीशर्ट, पदक, वेळेची नोंद यांतलं काही नको.

तारीख आणि वेळ

१० सप्टेंबर हा जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन, २००३ पासून पाळला जातो. व्याख्यान किंवा शाळेतला कार्यक्रम करायला ही तारीख चांगली. गोव्यात फेरीला मात्र ती गैरसोयीची. पाऊस संपलेला नसतो आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, कधी तोंडावर असते, कधी नुकतीच होऊन गेलेली. लोक माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, सामानात असतात. त्या दिवशी रात्री आठ वाजता खिडकीत मेणबत्ती लावण्याची जागतिक प्रथा आहे. तेवढी घरोघरी पाळायला सांगा.

दुसरी तारीख नोव्हेंबरातली. आत्महत्येने जवळचं माणूस गमावलेल्यांचा एक आंतरराष्ट्रीय दिवस आहे. अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार, म्हणजे २०२६ मध्ये २१ नोव्हेंबर. पाऊस गेलेला, हवा बरी. फक्त पणजीत तेव्हा इफ्फी या चित्रपट महोत्सवाची गर्दी असते आणि लगेच २४ तारखेपासून जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या फेस्ताआधीच्या नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, सुरू होतात, पोलीस तिकडे लागतात. म्हणून पणजी, जुनं गोवा सोडून दुसरं गाव निवडलेलं बरं. २ नोव्हेंबरला कॅथलिक घरं दफनभूमीत मेणबत्त्या लावतात, आपल्याकडे महालय होऊन गेलेला असतो. अकाली गेलेल्यांसाठी त्यात चतुर्दशीची वेगळी तिथी आहे. पण अशा मृत्यूचं श्राद्ध करायचं की नाही, यावरूनच घरात भांडणं होतात आणि पुष्कळदा काहीच होत नाही. ज्यांचं काहीच झालेलं नाही, अशांच्या घरचे फेरीला येतात, हा आमचा अनुभव.

आता वेळ. पहिली फेरी आम्ही संध्याकाळी काढली. दिवेलागणीला पणत्या लावल्या, दृश्य सुंदर दिसलं, सगळे रडले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी दोघांचे फोन आले की रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तेव्हा चूक कळली. मन ढवळून माणसाला रिकाम्या रात्रीत सोडायचं नसतं. तेव्हापासून पहाटे. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गोव्यात सूर्योदय सहा-चाळीसच्या आसपास होतो. पावणेसहाला निघालं की सव्वासातला खाणंपिणं सुरू, आणि पुढे अख्खा दिवस माणसांत जायला मोकळा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे पहिला टप्पा आपसूकच मुका होतो. तो तसाच ठेवावा.

पहाटेच्या अडचणी दोन. बस नसते, म्हणून गावागणिक गाड्या ठरवा आणि बायकामाणसांना दारातून घेऊन दारात सोडा. दुसरी अडचण कुत्र्यांची. हसू नका, आधीच्या आठवड्यात त्याच वेळी दोनदा तो रस्ता चालून बघा. कुठल्या वळणावर टोळी असते, तिला बिस्किटं घालणारं माणूस कोण, हे शोधा आणि त्याच माणसाला स्वयंसेवक करा.

तीन महिने आधी: माणसं आणि परवानग्या

सहा-सात जण पुरेत. त्यांत निम्म्यांनी तरी असं माणूस गमावलेलं असावं, पण ज्यांच्या घरी वर्षाच्या आत घडलंय त्यांना जबाबदारी देऊ नका, ती मागितली तरी. त्यांनी चालायला यावं. एक डॉक्टर किंवा समुपदेशक हवा. बांबोळीची मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था, म्हणजे आपलं आयपीएचबी, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, पर्वरीची 'संगत', आणि आत्महत्या रोखण्यासाठी काम करणारी 'कूज' ही संस्था, यांच्याशी पत्राने संपर्क साधा. 'संगत'चं काम मुद्दाम समजून घ्या. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात समुपदेशन केलं तर नैराश्यात उपयोग होतो, हे गोव्यातल्याच त्यांच्या चाचण्यांतून पुढे आलं. तुमच्या स्वयंसेवकांनाही एका दिवसाचं प्रशिक्षण मिळतं का बघा. न मिळाल्यास तारीख पुढे ढकला. परवानगीपेक्षा हे महत्त्वाचं.

परवानग्यांचं थोडक्यात: पोलीस ठाणं, वाहतूक पोलीस, आणि पंचायत किंवा नगरपालिका. मैदान किंवा सभागृह घेतलंत तर त्याची वेगळी. माईक लावणार असाल तर त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. अर्जात 'मूक स्मरणफेरी, घोषणा नाहीत, झेंडे नाहीत' असं पहिल्याच ओळीत लिहा. काम लवकर होतं. आमचा पहिला अर्ज एका टेबलावर तीन आठवडे पडून होता, कारण विषय वाचून बाबूंना तो 'आंदोलन' वाटला.

त्याच टेबलावर मला कोणीतरी विचारलं, "पण हा गुन्हा ना?" नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं असतं, तिच्यावर खटला चालवायचा नसतो. उलट तिची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे. जुन्या दंडसंहितेतलं, अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणारं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उरलंच नाही. पत्रकावर ही दोन वाक्यं छापा. गुन्ह्याच्या भीतीने दवाखान्यात न जाणारी घरं अजून आहेत.

रस्ता

दोन ते तीन किलोमीटर, त्याहून जास्त नको. म्हातारी आई बरोबर चालू शकली पाहिजे. फोंड्यासारख्या चढउताराच्या गावात सपाट वाट शोधायला वेळ लागतो. रस्त्यावर दिवे हवेत, मध्ये कुठेतरी टेकायला पार किंवा बाक हवा आणि कंटाळल्यावर गुपचूप बाहेर पडता येईल अशा गल्ल्याही हव्यात.

पूल, नदीचा काठ, खडक, रेल्वे, उंच इमारती टाळा. कुठल्या घरासाठी कुठली जागा नको असेल हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि ते विचारतही बसू नये. समुद्रकिनारा फोटोत छान दिसतो, पण वाळूत म्हाताऱ्यांचे हाल होतात. पणजीत काढायची झाली तर कोणीतरी हमखास संमोहनतज्ज्ञ आबे फारियांच्या पुतळ्यापासून निघा म्हणेल. कल्पना वाईट नाही, पण मनोरुग्णालयाला एकेकाळी त्यांचंच नाव होतं, आणि आधीच लोकांना वाटतं की हा सगळा 'डोक्याचा' मामला. कर्ज, दारू, परीक्षा, दुखणं, घरातली मारहाण, मोडलेलं लग्न, यांतलं बरंच काही त्यात मिसळलेलं असतं. एका कारणाचं चित्र उभं राहील असं काही करू नये. आकाशकंदील सोडणं, फुगे सोडणं नकोच. माडांच्या गावात जळता कागद उडवायची हौस कशाला?

शब्द

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं इथे बिघडतं.

'आत्महत्या' या शब्दातच हत्या आहे. त्याला 'केली' जोडलं की गेलेला माणूस आरोपी होतो. शब्द बदलणं आपल्या हातात नाही, क्रियापद आहे. 'आत्महत्येने गेला', 'आत्महत्येमुळे मृत्यू झाला' म्हणा. 'यशस्वी प्रयत्न', 'फसलेला प्रयत्न' कधीच नको. वाचलेला माणूस नापास झाल्यासारखं वाटतं. 'भ्याड', 'पळपुटा' नको हे तर उघडच आहे, पण 'सुटला', 'मोकळा झाला', 'आता शांत झाला' हेही नको. आपण हे प्रेमाने म्हणतो. ऐकणाऱ्यांत आज त्याच काठावर उभं असलेलं एखादं माणूस असेल, तर त्याला हा सल्ला वाटतो. कसं, कुठे, काय चिठ्ठी ठेवली, यांतलं काहीही माईकवरून, फलकावर किंवा पत्रकात येता कामा नये.

बातमीदारांना आधीच एक कागद द्या. भारतीय प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत: पद्धत आणि ठिकाण सांगू नये, मथळा भडक नको, मदतीचा क्रमांक द्यावा. आमच्या कागदावर असं असतं:

"येत्या शनिवारी पहाटे पावणेसहा वाजता स्मरणफेरी निघेल. आत्महत्येमुळे जवळचं माणूस गमावलेल्यांनी, स्वतः त्या विचारांतून गेलेल्यांनी आणि सोबत चालू इच्छिणाऱ्या कोणीही यावं. नाव नोंदवण्याची गरज नाही. बोलण्याची सक्ती नाही. चेहरे दिसतील असे फोटो कृपया छापू नयेत. मनात असे विचार येत असतील तर टेलिमानस, १४४१६, या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येतं."

टेलिमानस ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. 'कूज'ची गोव्यातली हेल्पलाइनही द्या, पण कुठलाही क्रमांक छापण्याआधी स्वतः फोन लावून वेळ विचारा. वाजत राहणारा क्रमांक छापण्याइतकं वाईट काही नाही.

दोऱ्यांचं काय करायचं

अमेरिकेतल्या फेरीत रंगीत मण्यांच्या माळा घालतात. मूल गमावलेल्याला पांढरी, जोडीदार गमावलेल्याला लाल, आईवडील गेलेल्याला सोनेरी, भावंड गेलेल्याला नारिंगी, स्वतः झगडलेल्याला हिरवी, पाठिंब्याला निळी, असे बरेच रंग. आम्ही हे जसंच्या तसं उचललं आणि पहिल्याच टेबलावर अडखळलो. नवरा गेलेल्या बाईपुढे लाल मणी धरल्यावर तिने हात मागे घेतला. पुढे फुलं वाटायचं ठरलं, तिथेही तेच. आबोलीची वेणी पुढे केली की सासू कुठे उभी आहे हे ती आधी बघणार.

आता तीनच रंगांचे सुती दोरे असतात. एक माणूस गमावलेल्यांचा, एक स्वतः त्यातून आलेल्यांचा, एक सोबतीचा. टेबलावर ताटात ठेवतो, कोणी देत नाही. ज्याने त्याने उचलायचा. भाऊ गमावलेल्याने सोबतीचा दोरा घेतला तर घेऊ दे. तिसऱ्या दोऱ्याचा मुख्य उपयोगच तो आहे.

गेलेल्यांचे फोटो लावायचे का? लावत असाल तर घरातल्या सर्वांत जवळच्या माणसाची संमती घ्या आणि सकाळी पुन्हा एकदा विचारा, कारण रात्रीत मन बदलतं. फोटो नेहमीचा असावा, लग्नातला, शिगम्यातला. हार, तसबीर, मोठं कटआऊट नको. नवख्या मुलामुलींना त्यात गौरव दिसू शकतो. आम्ही आता फक्त नावाची चिठ्ठी लिहायला देतो आणि ती शेवटी घरी न्यायला सांगतो.

ऐकणारी माणसं

दर वीस-पंचवीस चालणाऱ्यांमागे एक ऐकणारा ठेवा. हा हिशेब आमचा, अनुभवाचा. खांद्यावर पांढरा रुमाल, म्हणजे ओळखू येतो. दोघे कायम शेवटाला चालतील. मागे रेंगाळणाऱ्यालाच बहुधा बोलायचं असतं. सुरुवातीच्या जागेजवळ, पण लोकांच्या नजरेआड, दोन चटया, पाणी आणि समुपदेशक असा शांत कोपरा ठेवा. त्यावर 'समुपदेशन केंद्र' असा फलक लावू नका, कोणी फिरकणार नाही. 'बसायची जागा' पुरे.

कोणी म्हणालं, "मलाही आता नको झालंय," तर विषय बदलू नका. सरळ विचारा: "जीव संपवायचे विचार येतात का?" विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही; उलट, बोलायला जागा मिळते. उत्तर 'हो' असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. समुपदेशकाकडे बरोबर चालत जायचं, तिथूनच १४४१६ लावायचा, घरातल्या कोणाला कळवायचं ते त्यालाच विचारायचं. लगेचचा धोका वाटला तर ११२ किंवा १०८. "मी कोणाला सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका, हे प्रशिक्षणात दहा वेळा सांगा. गोव्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे दडपण जास्त येतं. आपल्याच वाड्यावरचं माणूस समोर आलं तर दुसऱ्या ऐकणाऱ्याकडे सोपवावं.

पैसे आणि पाहुणे

खर्च फारसा नाही: चहा, भाजी-पाव, पणत्या, छपाई, गाड्यांचं पेट्रोल. चार घरांतून निघतो. प्रायोजक घ्यायचाच तर दारूवाला आणि कॅसिनोवाला नको, मग रक्कम कितीही असो. येणाऱ्यांपैकी किती घरं त्या दोन गोष्टींनी पोखरलीत हे टेबलामागे उभं राहिल्यावर कळतं.

आमदार येतो म्हणाला तर या म्हणा, दोरा घ्या आणि चाला. समई प्रज्वलन, शाल-श्रीफळ, भाषण नाही. आमच्याकडे एकदा एक पाहुणे 'आजची पिढी कमकुवत' यावर बारा मिनिटं बोलले. पहिल्या रांगेत अशी आई होती जिचा मुलगा एकोणीस वर्षांचा होता. त्यानंतर माईक फक्त आमच्या हातात असतो, आणि बोलणारा आधी लिहून देतो.

त्या दिवशी

पाचला टेबल मांडा. साडेपाचपासून माणसं यायला लागतात, स्वागताला एकच वाक्य: "आलात, बरं झालं." कुठून, कोणासाठी, विचारू नका. पावणेसहाला शब्दाविना निघायचं. मोबाइल खिशात. पुढे फलक एकच, आणि तोही छोटा. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजतो, देवळाची घंटा, कुठेतरी इगर्जीची, म्हणजे चर्चची. तेवढाच आवाज पुरतो.

पोचल्यावर उजाडत असतं. एक जण तीन मिनिटं बोलेल: आपण कोण, इथं का, मदत कुठे. मग पणत्या. वारा असतो, म्हणून मातीच्या खोलगट घ्या आणि खोबरेल तेल घाला. ज्याला नाव घ्यायचं आहे त्याने फक्त नाव घ्यावं, बाकी काही नाही. मुलं बरोबर असतील तर त्यांना खरं पण थोडकं सांगितलेलं असावं; शाळेची पटावरची पन्नास मुलं रांगेने आणू नयेत. मग खाणं. हा भाग घाईने उरकू नका. लोक खरं बोलतात ते हातात पाव आल्यावर.

खाण्याच्या टेबलाशेजारी एक कागद ठेवा, आयुर्विम्याबद्दलचा. पॉलिसी घेऊन बारा महिने झालेले असतील तर आत्महत्येमुळे मृत्यू झाला तरी रक्कम वारसाला मिळते. लाजेपोटी दावाच न केलेली दोन घरं मला माहीत आहेत.

नंतर

दोन दिवसांत ऐकणाऱ्या सगळ्यांना एकत्र बसवा. त्यांनी काय ऐकलं ते कुठेतरी उतरायला हवं, नाहीतर पुढच्या वर्षी ते येत नाहीत. ज्यांनी स्वतःहून नंबर दिला, त्यांना आठवड्याच्या आत एक फोन. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी ओसरीवर बसण्याची जागा ठरवता आली तर फार बरं. आमच्याकडे कधी सात जण येतात, कधी दोन.

आणि एक वही ठेवा. ज्यांनी सांगितलं त्यांच्या माणसाचा जन्मदिवस आणि गेल्याची तारीख तीत लिहा. त्या दिवशी फोन करा, किंवा नुसता मेसेज: "आज आठवण आली." तारीख हुकली तर दुसऱ्या दिवशी करा. चहाच्या गाड्यापाशी उभ्या राहिलेल्या त्या बाईला मी एकदा चार दिवस उशिरा केला होता. तिने फोन उचलला आणि पाऊण तास मुलाच्या क्रिकेटबद्दल बोलली.